काळ आला होता, पण वेळ आली नव्हती : असईचं रणांगण आणि मरणाच्या दारातलं मन

(जालना जिल्ह्यातल्या एका जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जरा वेगळा आहे. इतिहासाच्या व्याख्यानात आपण लढाया, तह, सनावळ्या ऐकतो. आज मी एक साधा प्रश्न घेऊन आलोय. माणूस मरणाच्या अगदी दारात जातो आणि परत येतो. त्या वेळी त्याच्या मनात काय चाललेलं असतं? आणि इतिहासाला ते कळतं का?

आपल्याकडे अशा माणसाबद्दल एक वाक्य हमखास बोललं जातं : काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. गाडी उलटली, वीज शेजारच्या झाडावर पडली, साप चावला आणि माणूस वाचला, की पारावर कुणीतरी हे म्हणतोच. या वाक्याकडे मी शेवटी परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. असई. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हे गाव आहे. तारीख २३ सप्टेंबर १८०३. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना ते मान्य होणं शक्य नव्हतं. युद्ध पेटलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सननं जालना घेतलं. मग २१ सप्टेंबरला बदनापूरला आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले आणि ठरलं, की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला भोकरदनजवळ मराठ्यांवर एकत्र हल्ला करायचा. प्रत्यक्षात वेलस्लीची गाठ एक दिवस आधीच पडली, आणि स्टीव्हन्सनची वाट न बघता त्यानं लढायचं ठरवलं.

वेलस्लीचं वय तेव्हा ३४. पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. समोर शिंद्यांचा कवायती कंपू होता. त्यात अँथनी पोलमन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली दहा हजारांच्या आसपास शिकलेलं पायदळ आणि शंभराच्या घरात तोफा. शिवाय शिंदे-भोसल्यांचं अफाट घोडदळ. वेलस्लीनं पाहिलं, की नदीच्या अल्याड एक गाव आहे आणि पल्याड बरोबर समोर दुसरं. दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मधे उतार असणारच. आपल्याला यात काही नवल वाटत नाही, आपण त्या उतारानं रोज जातो! पण लढाई फिरली ती या अंदाजावर.

आता माझा विषय सुरू होतो. केळणा उतरत असताना मराठ्यांचा एक तोफगोळा आला आणि वेलस्लीच्या अगदी जवळ असलेल्या स्वाराचं डोकं उडवून घेऊन गेला. धड खोगिरातच अडकून राहिलं आणि घोडं बिथरलं. दिवस मावळेपर्यंत खुद्द वेलस्लीचे दोन घोडे गेले. एकाला गोळी लागली, आणि डायोमिड नावाच्या त्याच्या आवडत्या अरबी घोड्याच्या छातीत भाला घुसला. म्हणजे त्या एका दुपारी हा माणूस किमान तीनदा मरणाच्या हातभर अंतरावर होता.

आणि त्या वेळी त्याच्या मनात काय होतं? बरोबरच्यांनी लिहून ठेवलंय, की तो कमालीचा शांत होता. हुकूम देत होता, पलटणी हलवत होता. पण लढाई संपली. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पंधराशेहून जास्त, आणि त्यात त्याचे जवळचे कितीतरी अधिकारी. मराठ्यांचे सुमारे १,२०० मृतदेह रणांगणावर पडलेत असा त्याचा अंदाज. रात्री तो तिथेच जमिनीवर आडवा झाला. पुढे त्यानं आठवण सांगितली, की त्या रात्री झोप लागायची, दचकून जाग यायची, आणि दर वेळी वाटायचं, आपले सगळे मित्र मेलेत. एकही उरला नाही.

हे नीट बघा. दिवसा, मरण समोर असताना मन थंड. रात्री, मरण निघून गेल्यावर मन फुटलं. मरणाच्या क्षणी मनात काय येतं असं आपण विचारतो, पण पुष्कळदा त्या क्षणी मन कामात असतं. जे यायचं ते नंतर येतं.

ही झाली जिंकणाऱ्याची गोष्ट. ती आपल्याला कळते, कारण त्याची पत्रं आहेत, अहवाल आहेत. त्याच्याबरोबर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, चोविशीही न गाठलेला. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याचंही लिखाण शिल्लक आहे. जखमी इंग्रज अधिकाऱ्याला घर होतं, घरी पत्र वाचणारे होते आणि ती पत्रं जपून ठेवणारेही होते.

आता दुसऱ्या बाजूला चला.

शिंद्यांच्या तोफा नदीच्या बाजूला मांडलेल्या होत्या. इंग्रजांची रांग चालून आली तेव्हा गोलंदाज पळाले नाहीत. तोफांपाशी उभे राहिले, संगिनी पोटात जाईपर्यंत. ही गोष्ट शत्रूनंही मान्य केली आहे. इंग्रजांची रांग त्या तोफांवरून, त्या प्रेतांवरून पुढे गेली. आणि मग मागून तोफांचा मारा सुरू झाला. प्रेतांच्यातले काही गोलंदाज उठले होते, त्यांनी तोफांची तोंडं फिरवली होती आणि इंग्रजांच्या पाठीवर डागायला सुरुवात केली होती. वेलस्लीला मागे वळून पुन्हा त्या तोफा घ्याव्या लागल्या. बहुतेक इतिहासकारांच्या मते डायोमिडला भाला लागला तो याच चकमकीत.

या माणसांबद्दल इंग्रजी पुस्तकांत एक शब्द हटकून येतो : मेल्याचं सोंग. गोलंदाजांनी सोंग घेतलं, असं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तेच खरं वाटलं. नंतर एक गोष्ट खटकली. खुद्द वेलस्लीच्या अहवालाचा सूर असा आहे, की आमची रांग ज्यांना मेलेले समजून ओलांडून गेली, त्यांनी तोफा फिरवल्या. मेलेले समजणारे इंग्रज होते. सोंग घेणारे गोलंदाज होते, हे पुढच्या लेखकांनी त्यांच्या पदरात घातलं.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही एकच. नाही हो, एक नाही. संगीन लागून, बंदुकीचा दस्ता डोक्यात बसून, तोफेच्या दणक्यानं शुद्ध हरपून पडलेला माणूस आणि डोळे मिटून मुद्दाम पडलेला माणूस, वरून बघणाऱ्याला सारखेच दिसतात. त्यातल्या काहींनी खरंच सोंग घेतलं असेल. ती लढाईतली हुशारीच म्हणायची. पण काही जण मरणाच्या वाटेवर अर्धं अंतर जाऊन परत आले असतील, डोळे उघडले असतील, शेजारी सोबत्याचं प्रेत आणि समोर आपलीच तोफ दिसली असेल. त्या माणसाच्या मनात काय होतं? जालना जिल्ह्याच्या मातीत घडलेला मरणाच्या दारातून परत येण्याचा हा सगळ्यात मोठा प्रसंग, आणि त्याबद्दल त्या माणसांचा एक शब्द आपल्याकडे नाही. एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

इथे आपण थोडं बाहेर जाऊ. जगात ज्यांनी असं सांगून ठेवलं, त्यांचं काय म्हणणं आहे ते बघू, आणि मग परत येऊ.

फ्रान्सिस बोफर्ट. वाऱ्याचा जोर मोजायची जी बोफर्ट मोजपट्टी आहे, ती याचीच. १७९१ मध्ये, कोवळ्या वयात, पोर्ट्समथच्या बंदरात तो पाण्यात पडला. पोहता येत नव्हतं. त्यानं पुढे लिहिलं, की धडपड थांबल्यावर एकदम शांत वाटलं. मग विचारांची रांग लागली : हा अपघात कसा झाला, वडिलांना किती दुःख होईल. आणि मग आयुष्य उलट्या क्रमानं, आजपासून लहानपणापर्यंत, बारीकसारीक तपशिलासह डोळ्यांसमोरून गेलं. मिनिट-दोन मिनिटांचा खेळ. पण हे पत्र त्यानं लिहिलं ते घटनेनंतर कित्येक वर्षांनी, नावाजलेला आरमारी अधिकारी झाल्यावर. ही गोष्ट बाजूला लिहून ठेवा.

दुसरा अल्बर्ट हाइम, स्वित्झर्लंडचा भूगर्भशास्त्रज्ञ. १८७१ मध्ये आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना तो कड्यावरून पडला. खाली पडता पडता त्याच्या मनात काय आलं? एक, चष्मा काढून टाकावा, नाहीतर काचा डोळ्यांत जातील. दोन, पाच दिवसांनी विद्यापीठात आपलं पहिलं व्याख्यान आहे, ते आता होणार नाही. (हशा) हसू नका, मला ते अगदी पटतं. त्यानंतर मग बालपणापासूनची दृश्यं रंगमंचावर दिसावीत तशी दिसली. वेदना नाही, भीती नाही. पुढची कित्येक वर्षं त्यानं कड्यावरून पडून वाचलेल्या लोकांना गाठून विचारलं आणि १८९२ मध्ये ते सगळं प्रसिद्ध केलं. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास इथे सुरू झाला असं मानतात. अमेरिकन डॉक्टर रेमंड मूडीचं गाजलेलं पुस्तक, ज्यामुळे बोगदा आणि प्रकाश ही चित्रं घरोघरी गेली, ते फार नंतरचं, १९७५ चं.

हाइम म्हणतो, क्षण लांबला, वेळ संथ झाली. अपघातातून वाचलेले पुष्कळ जण असंच सांगतात. हे खरं का? डेव्हिड ईगलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडलं. मनगटावर एक यंत्र. त्यावर आकडे इतक्या झपाट्यानं बदलायचे की एरवी वाचता येऊ नयेत. वेळ खरोखर संथ झाली असती तर ते आकडे दिसायला हवे होते. नाही दिसले. पण खाली आल्यावर त्याच लोकांना वाटलं, की आपलं पडणं दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त वेळ चाललं. म्हणजे वेळ त्या क्षणात लांबत नाही. आठवणीत लांबते. भीतीच्या वेळी मेंदू जास्त दाट आठवण साठवतो, आणि मागे वळून बघताना ती लांब वाटते.

आणखी एक आकडा सांगतो, कारण या विषयात फार वाहवत जायला होतं. नेदरलँड्सच्या दहा रुग्णालयांत पिम व्हॅन लोमेल या हृदयरोगतज्ज्ञानं हृदय बंद पडून वाचवलेल्या ३४४ रुग्णांना विचारलं. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा काही अनुभव सांगितला. राहिलेल्या २८२ जणांना काहीही आठवत नव्हतं. तेव्हा तुमच्या घरात कुणी दवाखान्यातून परत आलं आणि म्हणालं, मला काहीच दिसलं नाही, तर त्यात चुकल्यासारखं काही नाही. बहुतेकांचं तेच होतं.

मग ज्यांना दिसतं, त्यांना काय दिसतं? हा प्रश्न आपल्या देशातही विचारला गेला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉ. सतवंत पसरीचा आणि त्यांचे सहकारी इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बोगदा नाही. आयुष्याचा चित्रपट उलगडत गेलाय असंही नाही. काय आहे? यमदूत येतात, धरून नेतात. तिथे एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. वही तपासतो आणि म्हणतो, अरे, चुकीच्या माणसाला आणलं! याची वेळ अजून झालेली नाही, याला परत सोडा. आणि माणूस इथे डोळे उघडतो.

आता आठवा आपलं वाक्य. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. हे वाक्य म्हणजे त्या वहीतली नोंदच आहे! यमदूत आले, वहीत तारीख नव्हती. आपण सहज बोलून जातो, पण परत येण्याची ही आपली तयार चौकट आहे. बोफर्ट आणि हाइम यांच्या जगात माणूस आपलं आयुष्य स्वतः तपासतो. आपल्याकडे ते चित्रगुप्त तपासतो. अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. जे घडतं ते सांगायला माणूस हाताशी असलेलीच भाषा वापरतो, एवढंच म्हणतोय.

आणि ही भाषा आपल्याला फार लांबून मिळालेली नाही. याच जिल्ह्यातलं जांब गाव, घनसावंगी तालुका. तिथे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाचा तिसरा दशक काढून बघा. त्यात जन्माचं दुःख आहे, तीन ताप आहेत, यमयातना आहेत, आणि नववा समास पूर्णपणे मृत्यूवर आहे. गीतेचा आठवा अध्याय तर प्रश्नच हा घेतो, की शेवटच्या क्षणी मनात काय असावं. म्हणूनच आपल्याकडे मरणाऱ्याच्या कानात नाम घेतात. भागवतातला अजामिळ शेवटच्या क्षणी मुलाला हाक मारतो, मुलाचं नाव नारायण असतं, आणि तो तरतो. आपल्या परंपरेनं या प्रश्नाचा विचार शतकानुशतकं केला आहे. फक्त तिची उत्सुकता मनात काय यावं याबद्दल जास्त आहे. काय आलं, हे विचारून लिहून ठेवण्याची सवय कमी.

कमी आहे, पण अगदीच नाही असं नाही. दोन मराठी माणसं सांगतो.

पहिले नाना फडणवीस. १४ जानेवारी १७६१, पानिपत. नानांचं वय तेव्हा १९ सुद्धा नव्हतं. आई आणि बायको बरोबर होत्या. विश्वासराव पडले, भाऊ दिसेनासे झाले, फौज फुटली. नानांनी आपल्या आत्मचरित्रात ती पळापळ लिहिली आहे. अंगावरचे कपडे टाकून दिले, वाटेत मारेकऱ्यांनी पुनःपुन्हा गाठलं, सोबतचे घायाळ झाले, नाना गवतात लपून वाचले, झाडपाला खाऊन दिवस काढला. मग एका गावात साधं अन्न मिळालं, आणि ते त्यांना कुठल्याही मेजवानीपेक्षा गोड लागलं. आई परत भेटली नाही. पुढे मराठी राज्याचा सगळा हिशोब ज्यांच्या बोटांवर होता, त्या नानांना मरणाच्या दारातलं काय आठवलं? गवत, भूक आणि एका घासाची चव. आणि याच्या भोवती त्यांनी जो अर्थ गुंफला तो असा, की ईश्वरानं वाचवलं, तेव्हा त्यालाच शरण जावं.

दुसरे विष्णुभट गोडसे, वरसईचे. दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ मध्ये उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. १८५८ मध्ये इंग्रज झाशीत शिरले तेव्हा विष्णुभट शहरात होते. बाहेर कत्तल चाललेली आणि हे घरात दडलेले. गोरे शिपाई आत आले, जवळ होतं नव्हतं ते घेऊन गेले, जीव राहिला. हे त्यांनी लिहिलं सुमारे २५ वर्षांनी. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ मध्ये, चिं. वि. वैद्यांमुळे. कुणीतरी लिहा म्हणून मागे लागलं, कुणीतरी छापलं, म्हणून एका गरीब भिक्षुकाची धडधड आज आपल्याला ऐकू येते.

तर माझा मुद्दा असा आहे. मरणाच्या दारात मनात काय येतं, याचे तीन थर आहेत. पहिला थर, त्या क्षणी खरोखर काय आलं. तो बहुधा अगदी साधा असतो. चष्मा, व्याख्यान, गवत, तोफेचं तोंड. दुसरा थर, परत आल्यावर माणूस ते कसं सांगतो. इथे घरची भाषा येते, देव येतो, वही येते, उलटं फिरणारं आयुष्य येतं. आणि तिसरा थर, ते कुणी ऐकून लिहून ठेवलं का. इतिहासकाराच्या हातात फक्त तिसरा थर असतो. तिसरा नसेल तर पहिले दोन घडलेच नाहीत, असं इतिहास समजतो. असईच्या गोलंदाजांचं नेमकं हेच झालं. त्यांचा अनुभव नाहीसा झाला आणि त्याच्या जागी शत्रूच्या पुस्तकातला एक शब्द राहिला : सोंग.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी काही मोठा माणूस नाही, पण दुसरा थर कसा तयार होतो ते मी स्वतःवरून पाहिलंय.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी, नऊ-दहा वर्षांचा असताना, मी विहिरीत पडलो. पावसाळा नुकताच संपला होता, विहीर भरलेली, काठ निसरडा. पोहायला येत नव्हतं. चुलत्यांनी उडी मारून बाहेर काढलं. उलटं धरून पाणी काढलं, ते मला आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय म्हणालो, ते आई शेवटपर्यंत सांगायची. मी म्हणालो, "माझी चप्पल खालीच राहिली." नवी चप्पल होती. वडील रागावतील हीच काय ती काळजी. पाण्याखाली मनात चप्पल होती. एवढंच.

पण आजी म्हणाली, मारुतीनं हात दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोराची दोरी बळकट. येणारा-जाणारा विचारायचा, "काय दिसलं रे?" आणि प्रत्येकाला चप्पल सांगायची मला लाज वाटायला लागली. वर्षभरात मी सांगू लागलो, की वर एक गोल उजेड दिसला आणि शांत वाटलं. विहिरीच्या तळातून वर बघितलं तर गोल उजेड दिसणारच, नाही का? आज मला तुम्ही शपथेवर विचारलंत, की तो उजेड खरंच दिसला होता की मी नंतर जोडला, तर मला सांगता येणार नाही. चपलेबद्दल मात्र खात्री आहे, कारण ती माझी आठवण नाही, आईची आहे. तिनं पहिल्या दिवशीचे शब्द जपले.

म्हणून आज इथून जाताना एवढं करा. आपल्या मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून निघालेली माणसं आज हयात आहेत. करोनात प्राणवायूच्या नळ्या लावून परत आलेली माणसं तर प्रत्येक गल्लीत आहेत. साप चावलेले, वीज अंगावर येता येता राहिलेले, बाळंतपणात जाता जाता राहिलेल्या बाया आहेत. त्या बायांना तर कुणी कधी विचारलेलंच नाही. बाळ कसंय, एवढंच विचारतो आपण. त्यांच्याजवळ बसा. "देव दिसला का?" असं विचारू नका. तसं विचारलं की देवच दिसतो. नुसतं म्हणा, सांगा काय झालं ते. आणि चप्पल सांगितली तर हसू नका. जे सांगतील ते तारखेसह, त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. सांगायचं नसेल तर आग्रह करू नका. कुणाकुणाची रात्र अजून वेलस्लीच्या त्या रात्रीसारखी असते. दचकून जाग येते, त्यांना आधी डॉक्टरांची आणि माणसांची सोबत लागते, इतिहासकाराची नंतर.

चित्रगुप्ताची वही आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण आपली वही असायला काही हरकत नाही.



(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेला एक प्रश्न)

प्रश्न : सर, मेंदूत शेवटी काय होतं याबद्दल विज्ञान काही सांगतं का? की हे सगळं भास म्हणायचं?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा जेवढं ठाम प्रसिद्ध झालंय तेवढंच सांगतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. हृदय बंद पडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात मेंदूत एका विशिष्ट प्रकारच्या जलद लहरी उलट वाढलेल्या दिसल्या. म्हणजे दिवा विझण्याआधी ज्योत मोठी व्हावी तसं. २०२३ मध्ये त्याच गटानं मरणासन्न अशा चार माणसांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या दोघांत असं काही दिसलं. पण ती माणसं परत आली नाहीत, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कुणी विचारू शकलं नाही. आणि जे परत येऊन सांगतात, त्यांच्या मेंदूची त्या क्षणाची नोंद बहुधा नसते. दोन्ही टोकं एकाच माणसात जुळणं फार दुर्मिळ.

भास म्हणायचं का? आजीनं मारुती म्हटलं म्हणून मला काढणारा चुलता खोटा ठरत नाही. आणि चुलत्यानं काढलं म्हणून आजीला जे वाटलं ते फेकून द्यायचं कारण नाही. दोन्ही लिहायचं. फक्त कुठलं कधी, कोण म्हणालं, ते वेगवेगळं लिहायचं. इतिहासाचं काम तेवढंच आहे.